चारूसाठी सिरोंच्यापर्यंत

१८ जानेवारी, भद्रावती. हजर : मी, आमचे हे आणि औषधांची पिशवी. पहिल्या एसटीने चंद्रपूर, पुढे आष्टी, आलापल्ली, मुक्काम सिरोंचा.

निघण्याचं कारण आधी सांगते. दिवाळीनंतर ह्यांना ताप आला. ताप उतरला, पण नाकाला कशाचाच वास येईना. वासामागे चव गेली आणि चवीमागे जेवण. रिपोर्ट सगळे चांगले. डॉक्टर म्हणाले, खायलाच हवं, नाहीतर अंगात काही उरणार नाही. पण वरण असो की मटणाचा रस्सा, ह्यांचं एकच, "कागद चावून राह्यलो." पॅंटच्या पट्ट्याला मी खिळ्याने नवं भोक पाडलं. मग एकदा अर्ध्या ताटावरून उठताना म्हणाले, "पद्माच्या हातचा चारू असता तं पाह्यलं असतं."

चारू म्हणजे टोमॅटो, चिंच आणि मिरीचं पातळ सार. बाकीचे त्याला रसम म्हणतात. पद्माक्का (अक्का म्हणजे ताई) भद्रावतीच्या फॅक्टरीच्या कॉलनीत आमची शेजारीण होती. नवरा निवृत्त झाल्यावर ती दोघं सिरोंच्याला गेली. तिला फोनवर विचारून मी दोनदा चारू केला. दोन्हीदा वाटी तशीच परत आली. मग मी बॅग भरली.

आष्टीला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे गाडीत एक बाई वाळलेल्या मासोळ्यांची टोपली घेऊन चढली. लोकांनी नाकाला रुमाल लावले. ती ह्यांच्या शेजारी बसली.

"भाऊ, वास येत असंल तं टोपली सरकवतो."

"राहू द्या बाई. मले कशाचाच वास येत नाई."

"मंग बाजारात रोज तुमच्याच बाजूले बसतो मी!"

सगळी गाडी हसली. हेही हसले आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले. आलापल्ली मागे पडली. पुढे दोन्ही बाजूंना सागवान, रस्त्याला खड्डे, आणि थर्मासातला चहा माझ्या पदरावर.

सिरोंच्यात दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरं दिसू लागली. दारांपुढे संक्रांतीच्या मुग्गूंचे (रांगोळ्यांचे) पुसट रंग अजून होते. पद्माक्का फाटकातच म्हणाली, "अन्ना (दादा), किती वाळले तुम्ही! वहिनी, उपाशी ठेवता का ह्यायले?"

सकाळी तिने आम्हा दोघांनाही स्वयंपाकघरात बसवलं. टोमॅटो हाताने कुस्करले, त्यात चिंचेचं पाणी, हळद, मीठ. मिरी, जिरं, धणे आणि लसूण खलबत्त्यात जाडसर ठेचून घातले. पातेल्यात कडेने फेस वर यायला लागला. उकळायला हवं म्हणून मी गॅस मोठा करायला गेले. तिने माझा हात बाजूला केला.

"थांबा वहिनी! तुमचं मटण नाई हे. फेस आला की उतरवायचं. उकळलं की वास उडून जाते."

दोनदा बिघडलं ते इथेच. आमच्याकडे रश्शाला खळखळून उकळी आल्याशिवाय कोणी पातेलं खाली उतरवत नाही.

मग तूप, मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. ह्यांनी पेला तोंडाला लावला. आम्ही दोघी बघत होतो.

"घशाले झणझणते. आंबट लागते." पेल्यात नाक खुपसून म्हणाले, "वास नाई."

पण पेला रिकामा केला. पद्माक्काने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच मला दटावलं, "रोज करा. अन् फोडणी ह्यायच्या समोर द्या, नाक चुलीजवळ राहू द्या."

परतीच्या गाडीत वाटलं, घरात काय शिजतंय ते आपल्याला नाकानेच कळतं; ह्यांचं घर इतके दिवस मुकंच होतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ह्यांना ओट्याजवळ स्टुलावर बसवलं. एका शेगडीवर चारू, दुसरीवर पळीत तूप, मोहरी, हिंग. सगळं लक्ष फेसावर. फेस आला, गॅस बंद केला, पातेलं उतरवलं. या वेळी चुकले नाही म्हणून मी खूश.

"अवं, हिंग जळला नं!" हे ओरडले.

वळून पाहिलं तर पळी काळी, धूर वर चाललेला. ह्यांची पाठ धुराकडे होती. पेपर वाचत होते.

मी खिडकी उघडली नाही. दुसऱ्या पळीत नवी फोडणी दिली. दोन वाट्या चारू आणि भात, ताट पुसून जेवले. पद्माक्काला फोन झाला, बॅग रिकामी झाली, कपडे धुतले. जळकी पळी तेवढी घासायची राहिली आहे.