आईच्या रकान्यातलं नाव

बांद्याच्या बाजारात त्या दिवशी एक बाई पुन्हा माझ्यासमोर येऊन बसली आणि मला वाटलं, झालं... हीसुद्धा नातं शिकून आलीय.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, तिकडून हद्द ओलांडून इकडे यायचं तर परमिट लागायचं. मी चौथी पास, पण अक्षर सुरेख... एका दुकानाच्या ओट्यावर बसून लोकांचे परमिटचे अर्ज लिहून द्यायचो.

परमिट मिळायचं ते अगदी जवळच्या नात्यालाच. आई-बाप, नवरा-बायको, मुलं... बस. मग काय एकेक नाती निघायची! गोव्यात पेडण्यातल्या एका म्हाताऱ्याला तर एकाच महिन्यात तीन गावांतून तीन 'थोरले' मुलगे सापडले. लग्नाला म्हणून येणाऱ्या बायकांच्या लुगड्यांतून चोरटी घड्याळं निघायची. म्हणून मी लिहिण्याआधी नीट कान देऊन ऐकायचो.

तर ही तोंडवलीची सावित्रीबाय. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि पेडण्याला दिलेल्या धाकट्या बहिणीला, रुक्मिणीला, तिला लग्नाला आणायचं होतं. पहिला अर्ज मीच लिहिला होता. तो परत आला... बहीण जवळच्या नात्यात धरत नाहीत म्हणून.

आता म्हणते कशी, "भैण नुको. रुक्मिणीक चेडवाची आवस म्हणान लिवा." म्हणजे मुलीची आई!

"ती आवस? मगे तुमी कोण?"

"माका मावशी लिवा."

मी टाक खाली ठेवला. "बाय, एक खोटो अर्ज गावलो तर माझ्या हातचे सगळे अर्ज बाजूक पडतले. कोणाची खरी आवस आसली तरी ती थंयच रवतली."

पढवून आलेली माणसं भराभर बोलतात. हिने कमरेच्या पिशवीतून नुसता एक कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला. पेडण्यातली जन्माची नोंद होती, पोर्तुगीजमध्ये. भाषा मला कळेना, पण नावं लागली. मुलीचं नाव शालिनी, आणि आई म्हणून रुक्मिणी.

"माका पोर नाय होता," ती हळूच म्हणाली. "धा दिसांचा आसताना तिना ह्या चेडू माझ्या वटीत घातल्यान. चेडवाक कायच म्हायत नाय."

आता आली का पंचाईत! आई म्हणून बोलवायचं तर अर्ज मुलीच्या नावाने जाणार, सही तिचीच लागणार. मुलगी सातवी शिकलेली, वाचल्याशिवाय सही करणारी नव्हे. हे मी सावित्रीबायला स्पष्ट सांगितलं.

समोरच्या दुकानात शालिनी काकणं बघत होती. बाईने तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "रुक्मिणीन एकदा तरी तिका नवरी झालेली बघूक नको? लिवा तुमी."

मी लिहिलं. शालिनी आली, काकणांचा पुडा बाजूला ठेवून वाचायला लागली... आणि आईच्या रकान्याशी थांबली. खोटं कशाला सांगू, तेव्हाही माझ्या मनात होतंच, दोघी मिळून आल्या असतील तर आता कळेल.

कळलं. इतकं पांढरं पडायला कोणी कोणाला शिकवू शकत नाही.

तिने सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि सावित्रीबायचा हात धरून म्हणाली, "आये, चल गो. एसटी सुटतली."

परमिट आलं, आठ दिवसांचं. रुक्मिणी लग्नाला येऊन गेली.

आता माझी नात परदेशात असते. आईवडिलांना तिकडे न्यायचे फॉर्म भरते आणि मला विचारते, आजोबा, कुटुंबात कोण धरायचं हे असं कुणी ठरवायचं? मी म्हणतो, रेघ कुठेतरी मारावीच लागते, नाहीतर खोटे लोक खऱ्यांची जागा खातात.

पण अठरा वर्षं जिने वाढवलं, तिला त्या कागदावर स्वतःला मावशी करून घ्यावं लागलं... अर्ज शंभर टक्के खरा होता. न्यायाचा होता म्हणायला मात्र माझी जीभ आजही रेटत नाही.