देवाला न चालणारी बाग

आमच्या लेआउटमधले, म्हणजे कॉलनीतले, देव पहाटे उठतात आणि त्यांचे भक्त त्यांच्याही आधी. एका हातात प्लॅस्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात आकडी लावलेली काठी. या मंडळींच्या स्वतःच्या अंगणात गवताची काडी उगवत नाही. तिथे गाडीसाठी सिमेंटचे गट्टू बसवलेले असतात. मग फुलं कुठली? ज्यांनी झाडं लावली त्यांची. फुकट ते पौष्टिक, आणि देवासाठी असलं की वर पुण्यही.

माझ्याकडे तेव्हा जास्वंद होती, पांढरी कण्हेर होती, फाटकावर चमेली होती. पण उमललेली जास्वंद मी क्वचितच पाहिली. चहाचा कप घेऊन बाहेर यावं तर नुसते देठ. एकदा एका काकांना मी आकडीसकट पकडलं. म्हटलं, "काका, निदान विचारत तरी जा." ते काही ओशाळले नाहीत. "देवासाठीच तर नेऊन राहिलो ना! घरी थोडी नेऊन राहिलो?" असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर आणखी दोन कळ्या तोडल्या. यांचा देव घरी नाही तर कुठे भाड्याने राहतो, हे विचारायचं मला सुचलं तोवर ते पुढच्या फाटकाशी पोचले होते.

माझा स्वभाव वाईट आहे. एखादी गोष्ट डोक्यात गेली की गेली. मी जास्वंद आणि कण्हेर मुळासकट काढून एका मैत्रिणीला दिली, चमेली छाटून टाकली आणि ठरवलं, आता कोणत्याच देवाला चालणार नाही अशी बाग करायची. नुसती पानांची. नर्सरीतून क्रोटन आणले, एकाच्या हिरव्या पानांवर पिवळे शिंतोडे, दुसऱ्याची पानं लांबट, पिळवटलेली, लाल. काळपट तांबडी अकॅलिफा आणली. जांभळ्या पानांची ती जमिनीवर पसरणारी आणली. आणि कोलियस, ज्याचं प्रत्येक पान वेगळ्या बाईने रांगोळी काढल्यासारखं दिसतं. पहाटेचे भक्त फाटकाशी थबकायचे, आत डोकावायचे आणि पुढे जायचे. एका बाईंनी जाळीतून हात घालून एक पान चोळून पाहिलं आणि मला विचारलं, "प्लॅस्टिकची आहेत का हो?" मला फार बरं वाटलं.

पण पानांचे रंग म्हणजे आयतं काम नाही. क्रोटनला ऊन मिळालं नाही तर तो हळूहळू हिरवा होत जातो, रंग गिळून टाकतो. आणि आमच्या नागपूरचं वैशाखातलं दुपारचं ऊन लागलं तर कोलियसचा पापड होतो. दोन्ही सांभाळणारी आमच्या घरात एकच जागा होती: पूर्वेकडे, घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधली मातीची पट्टी. तिथे सकाळचं कोवळं ऊन यायचं आणि मग घराचीच सावली पडायची. वर हिरवी नेट बांधली की उन्हाळाही निघायचा. सगळ्या कुंड्या मी तिथे ओळीने मांडल्या. काही वर्षांत ती पट्टी अशी भरली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघताना पोळी करपायची.

मला मूल नाही. हे मी मधेच सांगते आहे, कारण लोकही ते असंच मधेच काढतात. रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या पायऱ्या आम्ही दोघांनी खूप चढल्या, उपास झाले, नवस झाले, मग एका वर्षी आम्ही दोघंही थकलो आणि थांबलो. त्याचं दुःख माझं करून झालं आहे. दुसऱ्यांचं मात्र अजून चालू असतं.

गेल्या वर्षी होळीनंतर माझी मोठी नणंद खाप्याहून आली. तिचे गुडघे गेले होते आणि रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे बरेच दिवस जायचं होतं. ताई मनाने वाईट नाहीत. हात चालता, तोंड त्याहून चालतं. शेती केलेली बाई, रिकामं बसवत नाही. आल्या दिवसापासून माझ्या घरातले डबे घासायला घेतले. पण त्यांना माझी बाग बघवेना. खुर्ची टाकून पट्टीच्या तोंडाशी बसायच्या आणि म्हणायच्या, "याले फूल नाई, फळ नाई. सांबाराच्या चार काड्या तरी लाव वं. खायले तरी होईल."

मी म्हणायचे, "कोथिंबीर भाजीवाल्याकडे मिळते, ताई."

एके सकाळी मी कोलियसचे तुरे खुडत होते. ज्यांनी हे झाड लावलं आहे त्यांना माहीत असतं: कोलियसला निळसर फुलांचा तुरा येतो, आणि तो येऊ दिला तर झाडाचा सगळा जीव त्यात जातो. पानं लहान होतात, रंग उतरतो, झाड नुसतं उंच काटकुळं होतं. म्हणून तुरा दिसला की नखाने चिमटायचा. ताई बघत होत्या.

"काहून वं, फूल तोडून राहिली?"

"पानांसाठी. फूल आलं की पानं जातात."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अवं माय! आपल्या हातानं झाडाले वांझ करते?"

शब्द बाहेर पडल्यावर त्यांना कळलं असावं. त्या गुडघा चोळत बसल्या. मला काय वाटलं ते सांगते: मला राग आला. रडू नाही आलं. वाटलं, या झाडाला फुलासाठी जगायचं नाही, पानांसाठी जगायचं आहे, आणि त्यात कमी काय आहे? कोण ठरवतं? मी उरलेले सगळे तुरे त्यांच्यासमोर एकेक करून खुडले, सावकाश.

ताईंचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, शहराच्या वेशीवर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला आहे. तिथेच भाड्याची एक खोली, खिडकी उघडली की ट्रकची धूळ. लग्न झालं, लेकरू झालं, त्या खोलीत संसार मावत नव्हता. मुलगा सालस आहे. त्याने स्वतः आमच्याकडे कधी काही मागितलं नाही. पण ताई आल्यापासून घरात एक बोलणं सुरू झालं होतं, मी खोलीत शिरले की भाजीच्या चवीवर वळणारं. गच्चीवर दोन खोल्या चढवायच्या आणि बाहेरून जिना काढायचा. बाहेरून जिना काढायला आमच्या घरात एकच जागा होती.

मी यांना सरळ विचारलं. हे माझे यजमान, आयुष्यभर ऑफिसात फाइल पुढे सरकवून घरी येणारे आणि घरीही कोणाला नाही न म्हणणारे. म्हणाले, "अजून काही ठरलं नाही. पण कुंड्याच तर आहेत. उचलून गच्चीवर ठेवू."

"गच्चीवर? मे महिन्यात?"

"मग घरात ठेवू. तू ना, पानाचं केवढं करते."

त्यानंतर माहेरी पुतणीचं लग्न निघालं आणि मी आठवडाभर तिकडे गेले. झाडांना पाणी घालायचं काम यांच्यावर सोपवलं, नळाचं पाणी, सकाळचं, एवढं बजावून.

परत आले तर बाग जळाली होती. एकाही झाडाची माती कोरडी नव्हती, सगळं ओलंचिंब, आणि तरी प्रत्येक पानाची कड तपकिरी, कुरकुरीत. कोलियस तर लोळलाच होता. कुंडीच्या मातीवर पांढरा थर आला होता. मी बोट लावून जिभेला लावलं. खारट.

ताई आतून आल्या, चेहऱ्यावर शाबासकीची वाट. "भाऊ विसरत होता, म्हणून म्याच पाणी देलं. आन् कूलरचं पाणी फेकून राहिले होते तुम्ही, मोरीत! येवढं पाणी! बकेटीनं काढून काढून झाडाले टाकलं. थेंब वाया नाई जाऊ देला."

आमच्याकडे कूलर बोअरच्या पाण्यावर चालतो. नळाचं पाणी प्यायला आणि झाडांना, बोअरचं बाकी सगळ्याला. ते पाणी मुळातच जड. कूलर दिवसरात्र चालतो, पाणी उडून जातं आणि खार तेवढा टाकीत राहतो, रोज थोडा जास्त. कूलरच्या गवतावर जो पांढरा लेप चढतो तो तोच. म्हणून आठवड्याला टाकी मोरीत रिकामी करायची. पण ताई कन्हान नदीच्या काठावरच्या. तिथलं पाणी गोडं, आणि पाणी फेकणं म्हणजे पाप. त्यांनी पुण्यच केलं होतं. गुडघ्यांची ती अवस्था, आणि बादल्या वाहिल्या होत्या.

हे सगळं मला आता समजतं. तेव्हाही समजत होतं. तरी मी ओरडले. म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? माझ्या झाडांना हात लावायचं काम काय होतं तुमचं?" ताई पदर डोळ्याला लावून आत गेल्या. हे मधे येऊन उभे राहिले आणि जे बोलले ते मी अजून विसरलेले नाही.

"झालं ते झालं. तसंही आता झाडं गेलीच. उद्या मिस्त्री जागा पाहून जाईल म्हणतो. बरंच झालं, एका परीने."

म्हणजे मिस्त्रीला आधीच सांगून ठेवलं होतं. मी लग्नात जेवत होते तेव्हा इथे जिना ठरला होता. घर दोघांच्या नावावर आहे. माझ्या पगारातून विटा आल्या, यांच्या पगारातून स्लॅब. आणि तरी मला विचारावं असं कोणालाही वाटलं नव्हतं. का वाटेल? सगळ्यांच्या मनात ते घर केव्हाच भाच्याचं झालं होतं. मी त्यात मरेपर्यंत राहणारी होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. कुंड्या पायाने जरा बाजूला केल्या, टेप धरला, भिंतीपासून कंपाउंडपर्यंत चुन्याची पांढरी फक्की टाकून दोन रेघा ओढल्या. हे शेजारी उभे राहून मान हलवत होते. मला म्हणाले, "कुंड्या तेवढ्या उचलून घेऊ संध्याकाळी."

तेव्हा माझी चूक मला दिसली. इतकी वर्षं मी सगळं कुंडीत लावलं होतं. कुंडी म्हणजे उचलता येणारी वस्तू. कोणीही यावं, बाजूला सरकवावी. मुळांना जमीन मी दिलीच नव्हती.

मी मागच्या खोलीतून सब्बल, लोखंडी पहार, आणली. मे महिन्यात नागपुरात जमिनीत झाड लावणाऱ्याला लोक वेडा म्हणतात आणि बरोबर म्हणतात. आमची काळी माती त्या दिवसांत दगड होते. मी दोन रेघांच्या मधोमध सब्बल मारली. ठण्ण आवाज आला आणि मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या. पुन्हा मारली. मिस्त्री माझ्याकडे, मग यांच्याकडे बघू लागला.

"साहेब, काय करून राहिल्या ह्या?"

"तुम्ही जा, भाऊ," मी म्हटलं. "इथं जिना होणार नाही. घर माझंही आहे आणि मला कोणी विचारलेलं नाही."

हे म्हणाले, "अगं, जरा हळू. लोक ऐकतात."

"ऐकू दे की."

मिस्त्रीने टेप गुंडाळला. हे आत निघून गेले. मी नळाची नळी खड्ड्यात सोडली, माती मऊ होऊ दिली, पुन्हा खणलं. मोठ्या क्रोटनची कुंडी आडवी करून फोडली. मुळं कुंडीच्या आकाराची होऊन बसली होती, गोल गोल, स्वतःभोवतीच. ती बोटांनी सोडवली, खारट माती धुऊन काढली, जळलेली पानं काढून टाकली. उरला नुसता एक खुंट आणि शेंड्याला चार-पाच लाल पानं. तो मी फक्कीच्या रेघेवर लावला. मग पिवळा. मग अकॅलिफा. माझा पदर चिखलाने भरला होता, पाठ मोडली होती आणि मला इतकं चांगलं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ताई दाराशी आल्या. भिंतीला धरून उभ्या होत्या. आवाजात भांडण नव्हतं; त्यांना खरंच कळत नव्हतं आणि त्या आपल्या मुलासाठी बोलत होत्या.

"मी पाप केलं, झाडं जाळले तुझे. त्याचा राग पोराच्या घरावर काहून काढते वं? जिना कुठून निघन आता?"

"रागाने नाही, ताई. त्याला खोली हवी असेल तर त्याने येऊन मला मागावी, मी ऐकेन. पण इथून जिना निघणार नाही."

"मंग तुमच्या माघारी ह्या घराचं काय? ना पोर ना बाळ. कोणासाठी लावून राहिली हे?"

मी हातातला कोलियसचा एकुलता उरलेला फाटा खड्ड्यात बसवला आणि माती दाबली.

"माझ्या माघारी काय ते माझ्या माघारी. मी अजून आहे, ताई. सरका जरा, पाणी घालायचंय."