शमुवेल पाटील जमिनीवर बसले

वरवट बकालच्या बाजूच्या एका गावात शमुवेल इंगळे पोलीस पाटील आहेत. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, बाकी सगळे शेतकरी हिंदू. पण पाटलांचा शब्द सगळ्यांनाच मान्य. बांधाचं भांडण असो की दारू पिऊन आलेला नवरा असो, पाटील येऊन "बस झालं" म्हणाले की लोक घरी जात. अधिकार देवानं दिलेला असतो, असं ते रविवारच्या उपासनेत सांगत. मात्र तो दिलेला आहे हे त्यांना बोलताना आठवे, वापरताना आठवत नसे. हे ते आता स्वतःच कबूल करतात.

एका वर्षी मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर येत होते. अशातच एका दुपारी मोटारसायकलवर ब्लँकेटं विकणारा एक परप्रांतीय गावात आला. ओट्यावर खेळणाऱ्या एका पोरीच्या हातात त्यानं बिस्किट ठेवलं, आणि कुणीतरी ओरडलं. घडीभरात लोकांनी त्याला ग्रामपंचायतीसमोरच्या विजेच्या खांबाला बांधलं. पुढे होता जीवन, त्या पोरीचा काका.

पाटील धावत आले. ठाण्याला फोन करून झाला होता, पण गाडीला यायला वेळ लागणार होता. बाजूला व्हा, असं त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं. कुणी हललं नाही. कायद्याचं नाव काढल्यावर मागून कुणी हसलं, कुणी त्यांना ढकललं. चष्मा पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली गेला.

खांबाला बांधलेल्या माणसाच्या तोंडातून रक्त येत होतं. हात सुटे असते तर त्यानं ते जोडले असते, असं त्याचे डोळे सांगत होते. पाटलांना आणखी एक वाक्य सुचेना. मग ते त्या माणसाला पाठ लावून, लोकांकडे तोंड करून खाली मातीत बसले आणि मोठ्यानं प्रार्थना करू लागले.

"प्रभू, माह्या हाती काहीच नाई. मी पाटील म्हणून नाई बसलो, तुहं लेकरू म्हणून बसलो. याले वाचव. अन् या पोरायलेही वाचव, यायच्या हातून खून होऊ देऊ नको."

एक काठी त्यांच्या खांद्यावर बसली. ते कण्हले, पण उठले नाहीत. प्रार्थना चालूच राहिली.

तेवढ्यात पोरीची आजी रुखमाबाई वाट काढत पुढे आली. नातीला तिनं कडेवर घेतलं होतं. ती जीवनसमोर उभी राहिली.

"पोरगी ही माह्या कडेवर हाय. मंग कोनाले मारून राह्यला बे तू?"

जीवन मागे सरला. रुखमाबाई पोरीला घेऊन पाटलांच्या शेजारी मातीत बसली. तिला पाहून आणखी दोन बाया बसल्या, मग आणखी काही जण. मागचे लोक हळूहळू पांगू लागले. पोलिसांची गाडी आली तेव्हा खांबाजवळ बसलेल्या माणसांचाच गराडा होता. ब्लँकेटवाला दवाखान्यातून बरा होऊन आपल्या गावी गेला.

खरी कठीण गोष्ट त्यानंतर होती. ठाण्याच्या साहेबांनी नावं विचारली. पाटलांनी बांधणाऱ्यांची, मारणाऱ्यांची नावं सांगितली, त्यात जीवनचंही. स्वतःच्या खांद्याबद्दल मात्र ते बोलले नाहीत. गाव बरेच दिवस त्यांच्याशी फटकून वागलं. त्यांच्या पत्नी मार्थाबाईंना नळावर कुणी जागा देईना. "पाटीलकी सोडून द्या," त्या म्हणाल्या. पाटील म्हणाले, "सोडाची असती तं त्याच दिवशी सोडली असती. आता तं कुठं समजून राह्यलं, ही कोनाची हाय ते."

पुढे एका सकाळी जीवन दारात आला. कोर्टाची तारीख होती, आणि त्याला एकट्याला जायची भीती वाटत होती. पाटलांनी त्याला चहा दिला, चपला घातल्या आणि दोघं एस.टी.ची वाट पाहत फाट्यावर जाऊन उभे राहिले.