काकूंच्या नावावरची वीज

वीज कुठल्या कंपनीकडून घ्यायची हे घरमालकाने स्वतः ठरवायचं असतं, यावर अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहायला गेल्यावर माझा पहिले काही दिवस विश्वासच बसला नव्हता. पुण्यात मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकले, चार वर्षं नोकरीही केली, पण घरातली वीज म्हणजे बोर्डाची, एवढंच माहीत. टेक्ससमध्ये तारा, खांब आणि मीटर एकाच कंपनीचे, पण बिल पाठवणाऱ्या कंपन्या डझनावारी, आणि प्रत्येकीचे पाच-सहा प्लॅन. राज्य सरकारच्या वेबसाइटवर झिप कोड टाकला की संपतच नाही अशी यादी यायची.

नवरा वर्क व्हिसावर होता. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. तो सकाळी सातला गाडी घेऊन गेला की संध्याकाळपर्यंत मी आणि ते घर. मग मी ती यादी वाचायला लागले, अगदी तळाच्या बारीक अक्षरांसकट. दर तीन महिन्यांनी बदलणारे, वर्षभर कायम राहणारे, मध्येच सोडले तर दंड लावणारे. मराठी मंडळात ओळखी झाल्या तसे लोक फोन करून विचारू लागले. घरी बसलेल्या बाईला कुणी सल्ला विचारला की फार बरं वाटतं. मलाही वाटायचं. पुढे जे झालं त्यात या बरं वाटण्याचा वाटा होता, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

आमच्या समोरच्या घरात काका-काकू राहत. काका सत्तरच्या दशकात इकडे आलेले, तेलाच्या पाइपलाइनींवर इंजिनिअर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. मुलगी लग्न होऊन सिअ‍ॅटलला. आम्ही आलो त्याच्या पुढच्या वर्षी काकांच्या फुफ्फुसांचा आजार बळावला. बरा होणारा नव्हता. हॉलच्या कोपऱ्यात हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन आलं, आणि त्याची पन्नास फुटांची नळी नाकाला लावून काका घरभर फिरू लागले. मशीन चोवीस तास चाले, एसीही चाले. बिल भरपूर येई. काका सुरुवातीपासून जुन्याच कंपनीकडे होते. तेव्हा मीच त्यांना म्हटलं की तुम्ही विनाकारण जास्त पैसे देताय.

२००६च्या मार्चमध्ये मी त्यांना एक प्लॅन काढून दिला. पहिले तीन महिने दर अगदी कमी, नंतर बाजारभावाप्रमाणे. काकांनी कागद नीट वाचला आणि विचारलं, "आणि तीन महिन्यांनंतर?"

"जूनमध्ये मी आठवणीने दुसरा बघून देईन. बदलायला दंड नाही."

त्यांनी सही केली. मेमध्ये पुण्याहून फोन आला, वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला होता. दोन दिवसांत मी निघाले. जून, जुलै हॉस्पिटल, घर, फिजिओथेरपी यात गेले. काकांचा प्लॅन मला एकदाही आठवला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी मागवलेलं मेतकूट घेऊन समोर गेले. काकूंनी दार उघडलं आणि आतून गरम हवा अंगावर आली. ह्यूस्टनच्या बाजूला ऑगस्टमध्ये असं कधी होत नाही. बाहेर भट्टी आणि घरात शाल, अशीच सवय असते. काकूंच्या खांद्यावर ओला नॅपकिन होता. हॉलमधले पडदे ओढलेले. काका आतल्या छोट्या खोलीत टेबल फॅनसमोर बसले होते, बनियनवर, डोळे मिटून. नळी हॉलमधून तिथपर्यंत ओढलेली. अडीच महिन्यांत ते निम्मे झाले होते.

मला वाटलं एसी बिघडलाय. पॅसेजमधल्या थर्मोस्टॅटवर बघितलं तर तो ब्याऐंशी फॅरनहाइटवर, म्हणजे एसी जेमतेम चालेल असा लावलेला होता. कुणीतरी मुद्दाम लावला होता.

स्वयंपाकघरात काकूंनी हळू आवाजात सांगितलं. जुलैच्या सुरुवातीला बिल आलं ते दुपटीच्याही वर होतं. काकांनी कंपनीला फोन केला, पण हे बटण दाबा, ते बटण दाबा करत माणूस लाइनवर येईपर्यंत त्यांना इतका दम लागला की बोलता येईना. काकूंनी असे फोन आयुष्यात केले नव्हते. मुलीला सांगायचं नाही, अशी काकांची ताकीद होती, कारण ती लगेच म्हणाली असती की घर विका आणि इकडे या. मग त्यांनी थर्मोस्टॅट वर नेला. मशीन बंद करता येत नव्हतं, एसी कमी करता येत होता.

"मला का नाही कळवलंत?" मी विचारलं.

"मी म्हटलं होतं. ते म्हणाले, तिचे वडील आजारी आहेत, तिला यातलं काही सांगायचं नाही."

मी आत जाऊन काकांसमोर बसले. माफी मागायला तोंड उघडलं तर रडूच आलं. त्यांनी हात वर करून थांबवलं. वडील आता चालतात का, बोलणं स्पष्ट येतं का, असं सगळं विचारलं. मग म्हणाले, उद्या कागद घेऊन ये. जाताना मी थर्मोस्टॅट शहात्तरवर आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं बसलो. मी तीन प्लॅनचे प्रिंटआउट आणले होते, तिन्ही कायम दराचे: सहा महिने, बारा महिने, चोवीस महिने. चोवीसचा दर सगळ्यात कमी होता. मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम आहे.

काकांनी चोवीसचा कागद बाजूला सरकवला. "हा नको. बारा पुरे."

"पण काका, यात दर..."

"वाचलाय मी दर." मग थोडं थांबून, श्वास घेऊन त्यांनी विचारलं, "घर विकून दुसरीकडे गेलं तर दंड लागतो का?"

मी सांगितलं, गाव सोडल्याचा पुरावा दिला तर लागत नाही. ते मान हलवत राहिले. माझ्या तेव्हा लक्षात आलं की ते विजेचा हिशेब करतच नव्हते. त्यांच्यामागे काकू सिअ‍ॅटलला जातील हे त्यांनी मनात ठरवलं होतं, आणि त्याला किती महिने आहेत याचा अंदाज ते बांधत होते. काकूंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"आणि अजून एक," ते म्हणाले, "खातं हिच्या नावावर कर."

काकू म्हणाल्या, "माझ्या नावावर कशाला? इतकी वर्षं तुमच्या नावावर आहे. राहू दे की."

"उद्या तुला फोन करायची वेळ आली, तर ते विचारतील खातेदार कोण. मग डेथ सर्टिफिकेट पाठवा, हा फॉर्म भरा, तो फॉर्म भरा. त्या दिवसांत तू असले फोन करत बसू नयेस."

इतकं एका दमात बोलून ते मागे टेकले. मी कागदांच्या कडा जुळवत बसले. काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि बाजूला सरकवलेला कागद स्वतःकडे ओढला.

"खातं माझ्या नावावर असेल ना? मग चोवीसचा घ्या," त्या म्हणाल्या. "मी कुठे जाणार नाहीये. हे माझं घर आहे."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालेल्या माणसाला आपल्या बायकोचं हे उत्तर माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते दुखावले असं नाही. मग म्हणाले, "बरं. चोवीस."

फोन स्पीकरवर लावला. खातं ज्याच्या नावावर त्यानेच बोलायचं, आणि ते रेकॉर्ड होतं, असा नियम. पलीकडच्या मुलीने काकूंना नाव, जन्मतारीख, पत्ता विचारला. काकूंनी आडनावाचं एकेक अक्षर सावकाश सांगितलं. हे घर चालवण्याबाबतचे निर्णय घ्यायचा अधिकार तुम्हाला आहे का, असा तिचा शेवटचा प्रश्न होता. काकूंनी काकांकडे न बघता "येस" म्हटलं. फोन ठेवल्यावर त्यांच्या कपाळावर घाम होता.

घरात ऑक्सिजन मशीन आहे, न कळवता वीज तोडू नये, असा एक फॉर्म डॉक्टरांच्या सहीने नव्या कंपनीला द्यायचा होता. त्यावर मी त्याच दिवशी क्लिनिकमध्ये जाऊन सही घेतली आणि तो पाठवून दिला. दुपारी पाठवला आणि चार वाजता फोन करून पोचल्याची खात्रीही केली. हे जूनमध्ये करायला हवं होतं.

काका जानेवारीत गेले, घरीच, झोपेत. तेराव्या दिवसानंतर मुलीने काकूंना न्यायचा खूप आग्रह केला. काकू महिनाभर गेल्या आणि परत आल्या. मार्चमध्ये त्यांनी मला एक बिल दाखवायला बोलावलं. बिलावर महिन्यामहिन्याच्या वापराच्या आलेखाचे खांब छापलेले असतात. डिसेंबरपर्यंतचे उंच होते, मग एकदम ठेंगणे. चूक झालीय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही काकू, मशीन बंद झालं ना. त्यांनी बिल घडी करून पुन्हा पाकिटात घातलं आणि चहा टाकला.

काकांची तब्येत त्या महिनाभराच्या उकाड्याने जास्त ढासळली का, हे मी त्यांच्या डॉक्टरांना कधी विचारलं नाही. काकूंनाही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नाहीच म्हणाल्या असत्या, आणि मला ते "नाही" नको होतं.

नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही टेक्ससमध्येच, पण चार तासांवरच्या अर्विंगला आलो. २००८च्या उन्हाळ्यात चोवीस महिने संपत आले, तेव्हा मी महिनाभर आधी काकूंना फोन केला की यादी बघून प्लॅन सुचवते. त्या म्हणाल्या, झालं ते, मागच्याच आठवड्यात. वाचायला दोन दिवस लागले. एक वाक्य कळत नव्हतं, म्हणून कंपनीला फोन करून त्याचा अर्थ विचारला, आणि फोनवरच्या मुलीला ते सांगता येईना, म्हणून तो प्लॅन सोडून दुसरा घेतला.

मग त्यांनी माझ्या वडिलांची चौकशी केली. मी म्हटलं, काठी घेऊन चालतात आता, जिन्यापर्यंत.