सांक्तुस आणि वन्स मोअर

अंतोन मास्तर गेल्याचं मला बोदवड स्टेशनवर कळलं. आमच्या नाटक कंपनीचा जुना तबलजी गाडीतून उतरता उतरता म्हणाला, "नाना, आपले ऑर्गनवाले गेले… उद्या सकाळी माती आहे." मिळेल त्या गाडीत चढलो आणि जळगाव गाठलं.

मास्तर गोव्याचे, ख्रिस्ती. मी स्त्रीपार्टी, त्यामुळे रोज सकाळी गुळगुळीत दाढी करणं भाग. त्याच वेळी मास्तर शेजारी ऑर्गनवर बसून हलक्या आवाजात देवाचं म्हणायचे : सांक्तुस, सांक्तुस, सांक्तुस. लॅटिन शब्द, अर्थ पवित्र. मी गालाला साबण फासून ऐकत राहायचो. एरवी माणूस महातापट, तबला जरा घसरला की डोळे वटारायचे. पण तेवढा वेळ अगदी लेकरासारखे दिसायचे.

धुळ्याच्या मुक्कामात ती चाल मालकांच्या, अण्णांच्या, कानावर पडली. झालं! विष्णू प्रकट होतात त्या प्रवेशाला हीच हवी, म्हणून हटून बसले.

मास्तर म्हणाले, "अण्णा, ही प्रार्थना आहे. वन्स मोअर आला तर काय करू? मी परत वाजवणार नाही."

"मग वळकटी बांधा."

घरी बायको बाळंतीण, मास्तर जाणार कुठे? वाजवतो म्हणाले, पण एकदाच.

प्रयोगात विष्णू प्रकटले. मी लक्ष्मी होऊन शेजारी उभा. ऑर्गन लागला आणि मांडव चिडीचूप. संपलं, नि व्हायचं तेच झालं. "वन्स मोअर!" मास्तरांनी हात मांडीवर ठेवले. विंगेत अण्णा दातओठ खातायत, मागं पब्लिक बाकं बडवतंय… एवढ्यात पुढच्या सतरंजीवरून शिंदखेड्याकडचे एक आबा उठले आणि मागे वळून खेकसले, "देव उभा शे सामने, आनि वन्स मोर काय मांगतस रे? बठ्ठा चूप बसा!" आणि खरंच बसले की सगळे! कित्येकांनी पायांतल्या वहाणासुद्धा काढल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी वळकटीचं नाव काढलं नाही. ती चालही त्यांनीच काढून टाकली. म्हणाले, "उद्या लोक आरती घेऊन येतील, मग नाटक कधी करायचं?"

पुढे कंपनी मोडली. मास्तर जळगावात मेहरूणला राहून पेटी शिकवू लागले. भेटी कमी झाल्या, याची आता हळहळ वाटते.

मातीच्या दिवशी भुसावळहून पाद्री आले, पण प्रार्थना गाणारं कोणी नव्हतं. मास्तरांच्या पत्नी, रोझाबाई, माझ्याकडे वळल्या.

"नाना, तुम्ही म्हणा. ते सांगायचे, कंपनीत हे मी एकालाच शिकवलंय."

शिकवलं कसलं! मी नुसता ऐकत होतो. म्हटलं, "बाई, मी नाटकवाला माणूस…"

"मग ते कोण होते?"

उभा जन्म भरल्या मांडवापुढे गायलो; इथे मास्तरांच्या उशाशी उभा राहिलो. पहिला सांक्तुस निघाला. दुसरा कसाबसा. तिसरा काही माझ्याच्यानं होईना… तो बाईंनी म्हटला.