चौकटी कुणाच्या

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला माहीत नव्हतं. न कळताच ती गेली. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

मी कपड्यांची डिझायनर आहे. रेशमावर मशिननं छपाई करून घेते. नक्षी कॉम्प्युटरवर तयार करायची, मशीन ती थेट कापडावर उतरवतं. पाणी अगदी थोडं लागतं, रंग नाल्यात सोडावा लागत नाही, मागणी असेल तेवढंच छापायचं. मोठमोठ्या शोमध्ये मी सांगायचे — मी लातूरला शिकले, टँकर आला की क्लास सोडून बादली घेऊन पळायचे, मला पाणी वाया घालवता येत नाही. टाळ्या पडायच्या. आणि ते सगळं खरं होतं. खऱ्याच्या शेजारी ठेवलं की खोटंही खपून जातं, नाही का?

नांदेडला आमच्या घरासमोर सकीना आपा राहायच्या. लाकडी ठशांनी चादरी आणि रजयांचे अभ्रे छापायच्या. शाळा सुटली की मी त्यांच्याकडेच. ठसा रंगात किती बुडवायचा, कापडावर टेकवून मुठीनं कुठं ठोकायचं, हे मला त्यांनी शिकवलं. पुढं कॉलेजात जे शिकले ते नंतरचं.

भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. आपांची धाकटी बहीण निलंग्याकडच्या एका खेड्यात दिलेली. ती, तिचा नवरा, दोन मुली — कुणी उरलं नाही. आपा तिकडून चार दिवसांनी परत आल्या आणि माझ्या आईला एवढंच म्हणाल्या, "भिंती साऱ्या बसल्या गं. दाराच्या चौकटी तेवढ्या उभ्या हायत."

कितीतरी महिने त्यांनी काही छापलं नाही. मग एक दिवस स्वतःच ठसा कोरायला बसल्या. एक चौकट, दार उघडं, दोन्ही बाजूंना काहीच नाही. कोरताना हत्यार निसटलं आणि कोपऱ्याचा टवका उडाला. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. त्या ठशानं त्यांनी गडद निळ्या रंगात चादर छापली. नुसत्या चौकटीच चौकटी.

दहावीनंतर बाबांनी मला लातूरला क्लासला घातलं. तेव्हा घरोघरी डॉक्टरच व्हायचे होते. निघताना आपांनी ती चादर माझ्या ट्रंकेत ठेवली. "लातूरला चाललीस, अंगावर घ्यायला घरचं कायतरी पायजे." दोन वर्षं मी तीच पांघरली. डॉक्टर काही झाले नाही. रडारड करून डिझाइनच्या कॉलेजात गेले.

पहिल्या मोठ्या शोला दोन आठवडे उरले होते आणि माझं एकही काम मला पटत नव्हतं. मी ती चादर स्कॅनरवर अंथरली. तेवढ्यापुरतीच — असं मी स्वतःला सांगितलं. उडालेला टवका पुसता आला असता. पुसला नाही. सगळे म्हणाले, त्यातच तर जीव आहे! नक्षी कुठून सुचली, असं एका पत्रकार बाईंनी विचारलं. मी म्हणाले, "लहानपणी पडलेली घरं पाहिली होती." मी एकही पाहिलं नव्हतं. आम्ही नांदेडात होतो.

पण मला सांगायचंय ते हेही नाही. इथवर मी फक्त चोर होते.

दोन वर्षांनी नांदेडला हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. आयोजकांबरोबर एकेक स्टॉल बघत चालले होते, आणि समोर आपा. सोबत त्यांची मुलगी ताहेरा. आपांनी माझ्या गालांवरून हात फिरवले, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "किती वाळलीस गं." त्यांच्या मागं चौकटींची चादर टांगलेली होती.

आयोजक थबकले. "मॅडम, हे तर तुमचं डिझाइन! या बाईंनी सरळ उचललंय."

ताहेरा उसळली. "अम्मीनं कोरलंय ते. माझ्यासमोर कोरलंय."

आपांनी तिला दंडाला धरून मागं ओढलं. "भांडू नको. ही सांगंल की." आणि माझ्याकडं वळल्या. "बेटा, सांग त्यांना."

त्यांच्या मनात शंका नव्हती. एवढीशीही नाही. माझ्यामागं दोन कॅमेरे होते. एक वाक्य बोलायचं होतं — किती अवघड होतं ते? मी बोललेही. मी म्हणाले, "पेपरात बघून काढलं असेल त्यांनी. जाऊ द्या, रागावू नका त्यांच्यावर."

रागावू नका! मोठेपणासुद्धा मीच घेतला.

आपलं माणूस समजून पाठीमागून हाक मारावी आणि वळलेला चेहरा परक्याचा निघावा — तसं आपांनी माझ्याकडं पाहिलं. मग चादर उतरवली, नीट चौघडी घातली. दुपारी आयोजकांनी त्यांना स्टॉल आवरायला लावला. मी तेव्हा स्टेजवर पाणी वाचवण्यावर बोलत होते.

पुढं कधीतरी आईनं फोनवर सांगितलं — कुणी चौकटीची चादर मागायला आलं की आपा म्हणतात, "ते माझं न्हाई, समोरच्या पोरीचं हाय." आपांनी ती नक्षी मला आपणहून दिली असं आईला वाटायचं, आणि तिला त्याचं फार कौतुक. "बघ, किती मोठ्या मनाची बाई." मी "हो" म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी आपा गेल्या. मी नांदेडला गेले, आज ताहेराशी बोलायचंच असं ठरवून. तिनं चहा ठेवला. माझी मुलं काय करतात, विचारलं. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी मुलांचं सांगितलं, चहा प्यायले आणि उठले.

ती नक्षी अजून विकली जाते. मागच्या महिन्यातही छापून घेतली. कापडाच्या काठाशी बारीक अक्षरात माझं नाव असतं.