नंदाचं मत ठरलं तेव्हा

"म्हंजी मी मत दिलं, आता तू यायचा न्हाईस व्हय रं?" नंदानं दार धरूनच विचारलं.

"तसा नाही, आंटी." विनयनं कोटावरचं लाल फितीचं फूल सरळ केलं. "तुम्ही पोस्टनं वोट दिला, तुमचा डन आहे. आता ज्यांचा ठरला नाही, त्यांच्याकडेच जायचा."

"वा रं वा. लगीन लागलं की नवरीला इसरायची रीत तुमची."

पोरगा हसला आन् पुढच्या फाटकाकडं वळला. डॉक्टराचा मुलगा, जन्म इथलाच. दोन हजार पाचच्या निवडणुकीत मजूर पक्षासाठी लंडनच्या कडेच्या पिनरच्या गल्ल्या तुडवत होता.

नंदा कागलाकडची. नवरा इस्पितळाच्या धुलाईखान्यात होता. तो गेल्यावर ती घरातच शिलाई मशीन टाकून लोकांच्या विजारी आखूड करून देऊ लागली. लेक वरदा दुसऱ्या गावी, मेडनहेडला. तिचा फोन रविवारी. बाकी दार वाजायचं ते गिऱ्हाइकाचं, आन् ते उंबऱ्याच्या आत येत नसे.

पहिल्यांदा विनय आला तेव्हा ती खरंच म्हणाली होती, "अजून ठरलं न्हाई." झालं, पोरगं आत येऊन बसलं. चहा पीत समजावलं, इथं एका जागेवर ज्याला जास्त मतं तोच निवडून येतो, म्हणून मजूर न्हाईतर हुजूर, दोघंच आलटून पालटून. तिसऱ्याला मतं ढीगभर, खुर्च्या थोड्या.

"आमच्यात पाच-सहा मिळून एक सरकार करत्यात," नंदा म्हणाली. "रोज भांडत्यात, पन जमून."

"पण आंटी, पक्ष पाहिजे कशाला, सांगा?"

"मयताला खांदा द्यायला."

विनयला ती चेष्टाच वाटली. नंदाच्या नवऱ्याची पेटी काळ्या कोटातल्या भाड्याच्या माणसांनी उचलली होती, हे तिनं काही सांगितलं नाही.

तो आणखी दोनदा आला. गावाकडं एखादं घर एका पॅनेलला लागलं, की त्या पॅनेलची माणसं चुलीपर्यंत आपली. नंदानं तोच हिशेब धरला आन् मत देऊन टाकलं. इथं पक्क्या माणसाकडं कुणी फिरकत नाही, हे तिला कोण सांगणार?

विनय फाटकावरून वळला त्याच दुपारी पुन्हा दार वाजलं. निळं फूल लावलेला म्हातारा गोरा, हुजूरवाला. टोपी काढून त्यानं विचारलं, मत ठरलंय का?

नाही म्हटलं असतं तर गडी आत येऊन बसला असता. नंदाच्या तोंडाशी आलंही. पण एकाच्या पंगतीत जेवून दुसऱ्याला खुणावणाऱ्याला तिच्या गावात कुणी पाणी विचारत नव्हतं.

"दिलं," ती इंग्रजीत म्हणाली. "दुसऱ्यांना."

म्हाताऱ्यानं आभार मानले, टोपी घातली आन् फाटक ओढून घेतलं.

नंदानं कडी लावली. खडूची खूण केलेली एक करडी विजार सुईखाली सरकवली आन् मशीनचं पायडल दाबलं.